फिंतासच्या तीन गाळ्यांची निरवानिरव

मी पुंडलिक काशिनाथ मेस्त्री, वय वर्षे ६१, धंदा सुतारकाम, मूळ राहणार कांदळगाव, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, सध्या मुक्काम फिंतास, कुवेत, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्या महिन्यात अहमदीच्या डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत एक बारीक स्प्रिंग बसवली व तीन आठवडे रंधा धरायचा नाही म्हणून सांगितले, त्यामुळे लिहायला सवड झाली, एवढेच. मरायची मला घाई नाही. कोणाच्याही दबावाखाली मी हे लिहीत नाही. उलट माझी पत्नी सीताबाई हिने हा कागद अशुभ म्हणून दोनदा कपाटात टाकला आणि मी तो दोनदा बाहेर काढला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. कांदळगाव येथील चिऱ्याचे घर, जे मी सन १९९७ मध्ये स्वकमाईतून बांधले, ते, भोवतालच्या माड-पोफळींसह, सीताबाईच्या हयातीपर्यंत तिचे. ती राहील, भाड्याने देईल, नाहीतर कुलूप लावून इकडेच बसेल. तिला कोणी विचारू नये. तिच्या पश्चात ते घर मुलगा प्रज्वल व मुलगी दर्शना यांना सारख्या वाट्याने मिळेल. माझे धाकटे बंधू जयराम यांचे म्हणणे असे की मुलगी लग्न करून गेली, तिला घर कशाला. घराच्या पायात त्यांची एक घमेलेभरही माती नाही. त्यांना माझा नमस्कार.

कलम २. बँकेतील ठेवी व कामाची जी काही शिल्लक असेल ती सर्व सीताबाईची. आकडे तिला माहीत आहेत. मला नाहीत.

कलम ३. कुवेतात हिंदू माणसाला अग्नी देता येत नाही, म्हणून मला गावी न्यावे. मी सुतार असल्यामुळे पेटी मीच करून ठेवली असेल असे कोणी समजू नये. विकत आणावी.

कलम ४. फिंतासमधील गाळा माझा नाही. परवाना कफिलाच्या, म्हणजे ज्या कुवेती मालकाच्या जबाबदारीवर मी इथे राहतो त्याच्या, नावावर आहे. माझी फक्त हत्यारे, यंत्रे आणि स्वतः केलेले सामान. ते कोणाला व का द्यायचे, हे सांगण्यापूर्वी आजूबाजूच्या दोन गाळ्यांविषयी लिहिणे भाग आहे.

आखाती लढाईनंतर, सन १९९२ साली, मी परत आलो तेव्हा कफिलाने एका ओळीत तीन गाळे काढले. मधला मला दिला. डावीकडचा मिलुतिन नावाच्या सर्बियन इंजिनियरला. हा १९८४ मध्ये युगोस्लाव्हियाच्या एका मोठ्या कंपनीबरोबर इथे आला होता. तेव्हा त्याला सलवा ह्या बड्या वस्तीत बंगला, ड्रायव्हर, टेनिसचे मैदान. मग तो देशच फुटला, कंपनी बंद पडली, आणि त्याच्या खिशात जो पासपोर्ट होता त्या नावाचा देश नकाशावर उरला नाही. धरणाचे दरवाजे उभारणारा माणूस लोकांचे एसी आणि जनरेटर दुरुस्त करू लागला. उजवा गाळा १९९३ मध्ये फंग मॅडमला मिळाला. ती आणि तिचा नवरा चीनमधून एका गणवेशाच्या कारखान्यात शिलाईच्या करारावर आलेली. करार संपल्यावर त्यांनी दोन मशीन घेऊन स्वतःचे काम मांडले. पाच वर्षांत मशीन सतरा झाल्या. प्रत्येक नवीन मशीनवर कोणी मावसबहीण, कोणाची भावजय, कोणाच्या गावचा मुलगा.

तिन्ही गाळ्यांना मीटर एक. फंग मॅडमच्या वाफेच्या इस्त्र्या चालू झाल्या की मिलुतिनचे वेल्डिंग बंद. त्याचे वेल्डिंग चालू झाले की तिच्या सतरा मशीन बंद. सहा वर्षे ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. निरोप मी नेत असे, थोडे हिंदी, थोडे अरबी, थोडे इंग्रजी, आणि शिव्या गाळून. ह्या कामाचे मला कोणीही काही दिलेले नाही, हे इथे नमूद करतो.

माझे मित्र मजीद, मूळ दाभोळचे, माल वाहतुकीची पिकअप चालवतात. दर शुक्रवारी ते चहाला येत आणि आमचा एकच वाद चाले: परक्या मुलखात कोण पुढे जाणार, चिनी की सर्बियन? मजीद चिन्यांच्या बाजूने. त्यांचे म्हणणे, हे लोक एकमेकांना ओढून आणतात, एकत्र रांधतात, एकाचा धंदा बसला तर दहा जण उभा करतात. मी सर्बियनांच्या बाजूने. शिकलेली माणसे, साहेबाशी बरोबरीने बोलणारी. त्यांची मुले डॉक्टर होतील. आम्ही दोघेही कोकणातले, दोघांचीही बायका-मुले किती वर्षे गावी राहिली, पण आपले स्वतःचे काय झाले हा हिशेब आम्ही कधी मांडला नाही. दुसऱ्यांचा सोपा असतो.

सन १९९९ च्या वसंतात बेलग्रेड शहरावर बॉम्ब पडू लागले. मिलुतिनची आई तिथे चौथ्या मजल्यावर एकटी. अकरा दिवस तिचा फोन लागला नाही. बाराव्या दिवशी तो गाळा उघडून नुसता बसला होता, हातात पाना, समोर काम नाही. मी फंग मॅडमकडे गेलो ते एवढेच सांगायला, की आज इस्त्र्या खुशाल चालवा, तो वेल्डिंग करणार नाही. तिने कारण विचारले. मी सांगितले. मशीन बंद करून, सहा वर्षांत पहिल्यांदा, माझ्या गाळ्यातून चालत त्याच्या दारात गेली आणि वही-पेन पुढे केले.

"आईचा पत्ता लिही," ती म्हणाली.

झाले असे की तिचा एक मावसभाऊ बेलग्रेडमध्येच दुकान चालवत होता. तिकडे तेव्हा पुष्कळ चिनी कपड्या-चपलांचा धंदा करायला गेले होते, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. सर्बियन माणूस कुवेतात परका, आणि चिनी माणूस त्याच्या गावात परका. दोन दिवसांनी फंग मॅडमच्या फोनवर त्या मावसभावाचा फोन आला. म्हातारी शेजाऱ्यांच्या तळघरात सुखरूप होती. पाय मुरगळला होता. त्याने तिला तांदूळ, साखर आणि नवीन सपाता नेऊन दिल्या होत्या आणि तिला सार्वजनिक फोनपर्यंत हाताला धरून आणले होते. मिलुतिन आईशी बोलला. फोन ठेवला आणि मग सहा फुटांचा तो माणूस सतरा शिलाईवाल्यांसमोर रडला. त्याची आई पहिले काय म्हणाली, ते त्याने मला नंतर सांगितले: सपाता छान आहेत, पण एक नंबर मोठ्या.

मे महिन्यात तिथल्या चिनी वकिलातीवरही बॉम्ब पडला. मावसभाऊ वाचला. त्या दिवशी मिलुतिन केबलचे भेंडोळे घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत फंग मॅडमला वेगळी लाइन टाकून दिली, कफिलाची परवानगी मागाहून घेतली.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मिलुतिनने आम्हा सगळ्यांना घरी बोलावले. त्यांच्यात प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, वर्षातून एकदा त्याचा दिवस करतात. शिजवलेले गोड गहू, नक्षीची पोळी, मेणबत्ती. सीताबाईने सगळे पाहिले आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ह्येंचो पण कुळाचार आसा मां. मगे इतकी वर्सा ह्यो माणूस एकटोच खय जेवता?"

तेव्हापासून तो सणावारी आमच्याकडे जेवतो.

कलम ५. माझी कन्या दर्शना हिच्याविषयी. ती अकरा वर्षांची झाल्यावर मी तिला इकडे आणली. इथल्या शाळेत शिकली, मी मराठीत विचारले की इंग्रजीत उत्तर देई. पुढे मुंबईत बी. ए. झाली. सन २००३ मध्ये मी तिच्यासाठी कुडाळचा बँकेतला मुलगा पाहिला. ती म्हणाली, मी समाजशास्त्रात एम. ए. करणार. मी म्हटले, समाज काय तो लग्न करून बघ. त्यावर तिने सांगितले, "बाबा, आय अ‍ॅम नॉट आस्किंग परमिशन." आम्ही चार महिने बोललो नाही. सीताबाई आमचे निरोप नेत असे आणि शिव्या गाळत नसे.

मग दर्शनाचा फोन आला. तिच्या प्रबंधाचा विषय ठरला होता: कुवेतमधील चिनी आणि सर्बियन स्थलांतरितांची सामाजिक व आर्थिक स्थिती, तुलना. माझा आणि मजीदचा शुक्रवारचा वाद तिने विद्यापीठात नेला होता. लोक तिच्याशी मोकळे बोलणार नाहीत, म्हणून मी बरोबर बसावे, असे तिचे म्हणणे. मी म्हटले, चहा मी देईन, बोलायचे तुझे तू. प्रत्यक्षात दोन महिने मी तिच्याबरोबर फिरलो. चिन्यांची अडतीस घरे, सर्बियनांची सोळा.

कागदावर असे निघाले: चिन्यांतील निम्म्याहून जास्त लोकांचा स्वतःचा धंदा, सर्बियनांत दोघांचाच. सर्बियन जवळजवळ सगळे पदवीधर, पगार चांगले, आणि त्यांची मुले कॅनडापर्यंत पोचलेली. चिन्यांची मुले बहुतेक आजी-आजोबांकडे चीनमध्ये. मजीद म्हणाले मी जिंकलो, मी म्हटले मी जिंकलो.

दर्शनाने मग फंग मॅडमला सरळ विचारले, बरे कोणाचे चालले आहे, तुमचे की त्यांचे? फंग मॅडमने मशीन थांबवली. तिची मुलगी आजीकडे वाढली, अकरा वर्षांची झाल्यावर इकडे आली, आणि विमानतळावर मावशीच्या गळ्यात पडली. आई कुठली ते तिला ओळखू आले नाही. हे सांगताना ती हसत होती, कारण तीच मुलगी तेव्हा शेजारच्या मशीनवर बसून गणित सोडवत होती. मिलुतिनला तोच प्रश्न केला. त्याने पेचकस पुसून खाली ठेवला.

"आम्ही आलो तेव्हा आमच्या मागे देश होता," तो म्हणाला. "त्यांच्या मागे एकमेकं होती. देश गेला."

त्यानंतर दर्शनाने सगळ्यांकडे परत जाऊन एक प्रश्न वाढवला, जो तिच्या सरांनी सांगितला नव्हता: अडचण आली तर पहिला फोन कोणाला करता? चिन्यांच्या छत्तीस घरांनी दुसऱ्या चिन्याचे नाव सांगितले. सर्बियनांच्या सोळांपैकी नऊ घरांनी सांगितले, कोणालाच नाही. हे नऊ जण एकाच शहरात राहतात आणि एकमेकांना नावाने ओळखतात. तिने प्रबंधात लिहिले की दोन्ही समाज पोटापुरते आणि त्याहून जास्त कमावून आहेत. फरक कमाईत नाही, फोनच्या त्या नंबरात आहे. मी ते वाचले आणि माझा वाद संपला. आम्ही दोघेही चुकीच्या गोष्टी मोजत होतो.

ज्या दोन चिनी घरांनी चिनी माणसाचे नाव घेतले नाही, त्यांतले एक फंग मॅडमचे. तिने मिलुतिनचे नाव सांगितले. मिलुतिनने माझे. दर्शनाने तो कागद आणून माझ्यासमोर ठेवला, आणि मी तो दोनदा वाचला.

प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. ती आता रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी तिने स्वतः पसंत केलेल्या रितेशशी लग्न केले. लग्नाचे शिवणकाम फंग मॅडमचे, आणि मांडवात सगळ्यांत जास्त नाचला तो मिलुतिन. मी ह्या लेखाने कबूल करतो की सन २००३ मध्ये चूक माझी होती. तोंडाने हे मी तिला सांगू शकलेलो नाही. माझ्या हातची मोठी लिहायची मेज, सागवानी, तिची.

प्रज्वलला करवत आणि पटाशी यांतला फरक कळत नाही, तो कॉम्प्युटरवाला आहे आणि सुखी आहे. त्याला माझे घड्याळ.

कलम ६. मोठे करवत-यंत्र मिलुतिनला. त्याने ते इतक्यांदा दुरुस्त केले आहे की निम्मे त्याचेच आहे.

कलम ७. माझे बत्तीस कप्प्यांचे कपाट फंग मॅडमला. बटणे आणि दोरे ठेवायला ती ते दहा वर्षे मागत आहे आणि मी दहा वर्षे नाही म्हणत आहे. कारण काही नव्हते. तिने मागावे आणि मी नाही म्हणावे, हे मला आवडत असे.

कलम ८. मजीद यांना काही नाही. त्यांना माझी पितळी समई द्यायची होती, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकिलांनी कळवले, आणि मजीद म्हणाले, समई नको, सही करतो. उद्या भांडण लागले तर सांगायला मी पाहिजे. असा मित्र मला मिळाला, हे फक्त नोंदवतो.

ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी दर्शनाने करावी.

सही करण्यापूर्वीची नोंद: आज दुपारी मजीद, समोरच्या किराणा दुकानाचे मालक हारून, मिलुतिन व फंग मॅडम यांच्यासमोर हे वाचले. मराठी समजत नसलेल्या दोघांना मजीद यांनी हिंदीत सांगितले. कलम ७ झाल्यावर फंग मॅडम उठली व म्हणाली, "मेल्यावर देणार, तर मी थँक्यू कोणाला म्हणू?"

मिलुतिनने बाह्या सारल्या. कप्पे एकेक काढून बाहेर ठेवले, तरी कपाट दारातून निघेना, तेव्हा त्याने चौकटीची एक पट्टी उचकटली व मागाहून ती मी ठोकून दिली. करवत-यंत्राखाली चाके घालून ते त्यांनी डाव्या गाळ्यात नेले. हे सर्व होईपर्यंत फंग मॅडमच्या मुलीने कप्प्यांतले माझे खिळे डब्यांत भरले व डब्यांवर चिनीत काहीतरी लिहिले, ते मला आता शिकावे लागेल.

मग दोघांनी आपापल्या भाषेत आभार मानले. मी ते ऐकले. सबब कलम ६ व ७ हयातीतच पूर्ण झाल्याने खोडली आहेत व खोडलेल्या जागी माझी सही केली आहे. बाकीचे कायम.

सही: पुंडलिक काशिनाथ मेस्त्री

वरील सही आमच्या समक्ष, मृत्युपत्र करणाऱ्याने हसत केली:
१. मजीद, मूळ राहणार दाभोळ, जि. रत्नागिरी
२. हारून, किराणा दुकानदार, फिंतास

स्थळ: फिंतास, कुवेत
दिनांक: शुक्रवार, २३ फेब्रुवारी २००७