जांभळा उतरला

प्रिय दादा,

फोनवर तू मला मध्येच तोडशील, म्हणून लिहितेय. तुझ्या त्या पिवळ्या मुळात काही दम नाही, असं मी सोमवारी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पैजेत ठरल्याप्रमाणे तू त्या मुळाचा काढा सोडून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार झालास. वहिनीचा जीव भांड्यात पडला.

प्रयोग तसा साधा. जांभळ्या द्रावात फ्री रॅडिकल असतात. प्रत्येकाला एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणून दिसेल त्याचा ओरबाडणार. शरीरात हेच नासधूस करतात, डोळ्याचं भिंगही सोडत नाहीत. मुळातून काढलेल्या अल्कलॉइडने, म्हणजे त्यातल्या कडू द्रव्याने, त्यांना शांत केलं, तर जांभळा उतरून पिवळा होतो. पण त्यासाठी नळ्या अर्धा तास अंधारात ठेवायच्या असतात. वीस वर्षं प्रयोगशाळेत काढली मी, आणि तुला हरवायच्या नादात पाच मिनिटांत मोजून मोकळी झाले! तू दुरुस्त केलेलं घड्याळ दिवसभर चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाईकाच्या हातात देत नाहीस. मला तेवढाही धीर नव्हता.

तुझा फोन ठेवला आणि आवराआवर करायला कपाट उघडलं. नुसत्या द्रावाची नळी जांभळीच होती. शेजारची, तुझ्या मुळाची, अगं बाई, फिकट पिवळी! दुसऱ्या दिवशी तीनदा केलं, अल्कलॉइडचा स्वतःचा पिवळेपणा वजा करून. तिन्ही वेळा तेच. उन्हापासून पळून जाता येत नाही अशा त्या काटेरी झुडपाने मातीखाली गुपचूप हे बनवून ठेवलंय. कुणी शिकवलं असेल रे त्याला? तुझी इतकी वर्षं टर उडवली, त्याची लाज वाटते.

तीन दिवस हे तुझ्यापासून लपवलं, कारण कळलं नसतं तर तू पुढच्या गुरुवारी ऑपरेशनला निमूट आला असतास. पण खोट्यावर तुला टेबलावर झोपवणं मला जमणार नाही. पैज तू जिंकलास. फक्त, हे नळीतलं आहे. साकळलेलं भिंग काढ्याने निवळत नाही, आणि परवा माझा जांभळा स्वेटर तू मातकट म्हणालास. गुरुवारी नऊला गाडी घेऊन दारात येते. बसायचं की नाही, ते तू ठरव. बरा झालास की तुझ्यासमोर नवी नळी लावीन. तुझं मूळ काय करतं ते तुलाच दिसू नये, हे मला सहन होत नाही रे.

तुझीच,
घाईगर्दीची टिटवी