मक्यावरची गुलाबी बुरशी

मंगळवार, संध्याकाळ. मुक्काम सोसले गाव.

नराकडे सोडण्याआधी डुकरिणींचा खुराक वाढवायचा, म्हणजे पिल्लं जास्त होतात. म्हणून गेल्या आठवड्यात मी मक्याचं नवं पोतं फोडलं. दाण्यांवर गुलाबी बुरशी होती. उन्हात वाळवली, झटकली, घातला मका. आणि आज कोवळ्या माद्यासुद्धा अवेळी माजावर!

गुरांचे डॉक्टर येऊन मका बघून म्हणाले, “अय्यो अक्का, उन्हानं ह्या बुरशीचं विष जात नाही. पोटात गेलं की हार्मोनसारखं वागतं. गर्भ राहत नाही, राहिला तर पिल्लं अधू.”

ती गुलाबी बुरशी डोळ्यांपुढून हलत नाही. दादाला काय सांगू? वहिनीला पाचवा महिना, डोहाळे भाजक्या मक्याचे. त्याच पोत्यातला डबाभर मका मीच तिला...

देवा, स्वयंपाकघरातून आत्ता मका भाजल्याचा वास येतोय.