समुद्रावरच्या दोन खोल्या

प्रज्वलचे बाबा,

मी आईकडे केनवडले चालली, दिवे लागायच्या आत येतो.

तुमी समुद्रावरच्या हॉटेलात एकच मोठी खोली सांगून ठेवली, जसं आपण उन्हाळ्यात गच्चीवर ओळीनं गाद्या टाकतो. पोरं आता मोठी झाली, दोन खोल्या सांगा.

वैष्णवीनं तर वाटणीबी केली, मायलेकी एकीत अन् बापलेक एकीत. कायले म्हटलं, तर म्हणे, "घरीबी तुमी वेगळेच झोपता ना." तवापासून माह्या जीवाले चैन नाही. मले वाटे, पोरायच्या ध्यानात आलं नसन.

एक खोली पोरायची अन् एक आपली, असं मले चालते. चिठ्ठी बैठकीत तुमच्या उशीखाली ठेवली. आल्यावर मी काही विचारत नाही. तुमाले चालत असन, तर उशी तेवढी आतल्या पलंगावर आणून ठेवा.

वैजयंती