गुहेतला टॉर्च आणि माझा हात

माझ्या लाडक्या आणि तापट दोमितिला मावशीस तुझ्या फिदेन्सियोचा दोन्ही गालांवर मुका. तू, काका आणि तो डूख धरणारा टर्की सगळे मजेत असाल. (टर्कीला मुका नको.)

इकडे तुलुमला माझं उत्तम चाललंय. म्हणजे जवळजवळ. सेनोतेच्या, म्हणजे इथल्या खोल कुंडांच्या, पाण्याखालच्या गुहांतून पाहुण्यांना फिरवायचं काम मला द्यायचं, की जन्मभर हवेच्या टाक्याच उचलायला लावायच्या, हे आमच्या मालकीणबाई दोन्या कासिल्दा ठरवणार होत्या. म्हणाल्या, "आधी स्वतःचा टॉर्च निवडून आण. टॉर्चवरून मला माणूस कळतो."

दुकानदार निकानोर (मिशी कमी, उपदेश जास्त) म्हणाला, "गुहेला बारीक झोताचा घे. रुंद उजेड फोटोवाल्यांना." मी काय उजेडाचा भिकारी आहे? सगळ्यात रुंद, सगळ्यात झगझगीत उचलला. पेटवला तर दुकानातलं मांजर कपाटावर चढलं, तेव्हाच म्हटलं हाच आपला. असला टॉर्च पाण्याबाहेर पेटता ठेवला की तापतो, हे निकानोरनं सांगितलंही असेल. मी मांजराकडे बघत होतो. गाडीत तो मांडीवरच्या पिशवीतच पेटला आणि माझ्या चांगल्या चड्डीला नको तिथे भोक पडलं.

तरी तसाच उतरलो. पुढे दोन्या कासिल्दा, मध्ये एक जर्मन जोडपं, शेवटी मी. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून बोलायचं ते भिंतीवरच्या उजेडाच्या ठिपक्यानं. हळू गोल फिरवला तर 'ठीक आहे', भराभर आडवा हलवला तर 'धावा, मेलो!' माझ्या टॉर्चचा कुठला ठिपका? अख्खी गुहा लग्नघरासारखी उजळली आणि बाईंना स्वतःचाच ठिपका दिसेना. त्यांनी माझा टॉर्च विझवला आणि आपला जादाचा, बारीक झोताचा, माझ्या हातात कोंबला. इथवर ठीक. मग छतावरून लोंबणारे दगड दिसले, थेट काकांच्या दातांसारखे. आपल्या घराण्यात हात न हलवता कोण बोललंय? मी त्या जर्मन बाईला दाखवायला लागलो, हा बघा, तो बघा, अहो तिकडचा बघा! दोन्या कासिल्दा गर्रकन वळल्या, माझ्या तोंडातली नळी उपटून स्वतःची जादाची खुपसली आणि सगळी वरात उलटी बाहेर काढली.

"हवा संपली का रे?"

"नाही दोन्या. दगड छान होते."

जर्मन नवरा हसला. दोन्या कासिल्दा नाही हसल्या. "गाढवा, दगड छान होते म्हणून माझा जीव घेतलास? उद्यापासून टाक्या उचल!"

पण मग बोलता बोलता त्या निवळल्या आणि पुढच्या आठवड्यात परत परीक्षा घेते म्हणाल्या. कशा निवळल्या ते सोड. मी बारीक झोताचा टॉर्च बदलून आणलाय आणि मांजरानं मला माफ केलंय.

तुझ्या हातचं खायला तडफडणारा,
फिदेन्सियो

ता. क. कशा निवळल्या ते सांगावंच लागेल. मी म्हटलं, मावशी अंथरुणाला खिळलीय, त्या काळजीनं हात थरथरला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी त्या मुलीकडे विल्याएर्मोसाला निघाल्यात आणि वाटेत तुला बघायला थांबणार आहेत. म्हणून पत्र पोस्टात न टाकता बसवाल्याकडे दिलंय. सकाळपासून आडवी राहा, आवाज बारीक ठेव आणि काकांना शेतावर पिटाळ. त्यांना खरं बोलायची सवय आहे. नाहीतर माझ्या टाक्या काही सुटत नाहीत.

आणखी एक. खोकू नकोस. मी पाय सांगितलाय. कुठला ते आठवत नाही, तेव्हा दोन्ही धर.