अर्धा सूर वर

नाना,

माझ्या हातानं केलेल्या वस्तू तुम्हाला सांगायच्या राहूनच गेल्या. टेपचं हेड पुसायला बांबूची काडी, टोकाला मांजरपाटाची चिंधी घट्ट गुंडाळलेली. कापसाचे धागे आत राहतात, म्हणून कापूस नाही. वॉकमनचं झाकण ओरखडा न पडता उघडायला हेअरपिन कानशीवर घासून केलेली पाचर. बॅटरीच्या झाकणाच्या तुटलेल्या कडीच्या जागी नवी कडी, प्लास्टिकच्या बांगडीच्या तुकड्यातून कोरलेली. अशा आजवर एकशेबारा केल्या. टेपची चाकं फिरवणारे रबरी बेल्ट कापायचं पितळेचं यंत्र, सहा मापांचं. आणि बरोबर माझ्या कोपराच्या उंचीचं टेबल. नाशिकरोडला माझं दुकान आहे, पाटीवर ‘फक्त वॉकमन आणि कॅसेट प्लेअर’ एवढंच लिहिलंय. शेजारचा मोबाइलवाला म्हणतो, शेठ, मेलेल्या गिऱ्हाइकांसाठी दुकान उघडलंय का. पण माझ्याकडे नंबर लावावा लागतो, त्याच्याकडे नाही. कोणाकडे शिकलात, असं विचारलं की मी सांगतो, कुणाकडेच नाही.

सुरुवात तुम्हाला माहीत आहे. मी दहावीत असताना घरातला रेडिओ उघडला आणि तो मला परत जोडता आला नाही. तुम्ही एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून ड्यूटी करून आलात, स्टुलावर पसरलेले सुटे भाग पाहिलेत. टर्बाइनच्या आवाजात दिवस काढून तुम्ही घरातही मोठ्यानंच बोलायचात, त्यामुळे त्या दिवशीचं बोलणं अख्ख्या चाळीनं ऐकलं. “मोडायला काय अक्कल लागती? जोडून दाखव, मग बोल माझ्याशी.” मी ते शब्दशः घेतलं. चार महिने तुमच्याशी बोललो नाही. जेवायला बसायचो, ताट उचलायचो, उठायचो. आई दोघांच्या मध्ये निरोप्या झाली होती. मग एक दिवस तुम्ही डब्याच्या पिशवीतून एक वस्तू काढून माझ्यासमोर ठेवलीत. मुंबईहून आलेल्या कुठल्याशा साहेबाचा वॉकमन, बंद पडला म्हणून त्यानं टाकून दिलेला. “बघ होतोय का,” एवढंच म्हणालात.

तो अगदी पहिल्या घडणीचा होता, निळ्या-चंदेरी पत्र्याचा. तेव्हा मला त्याचं मोल कळलं नव्हतं. त्याला हेडफोनची भोकं दोन. ज्यांनी तो केला, त्यांना वाटलं असावं की माणूस एकट्यानं कशाला गाणं ऐकेल, दोघं तरी ऐकतील. वर एक नारिंगी बटण. ते दाबून धरलं की गाणं बारीक होतं आणि आतल्या माइकमधून एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं. पुढच्या घडणींमध्ये ते बटण काढून टाकलं, आणि हळूहळू दुसरं भोकही गेलं. माणसांना एकट्यानंच ऐकायचं होतं, असं दिसतं. मी उघडला तर आतल्या बेल्टचा डांबरासारखा चिकट लगदा झालेला. सायकलच्या जुन्या ट्यूबवर पावडरच्या डब्याचं झाकण ठेवून मी भोवती ब्लेड फिरवलं. तिसऱ्या प्रयत्नात बेल्ट बसला. चाकं फिरली. माझे हात ग्रीसनं काळे, आणि तुम्ही पाटावर बसलेले. तुमच्या भजनी मंडळाची कॅसेट लावली, एक हेडफोन तुम्हाला, एक मला. थोडं ऐकून मी नारिंगी बटण दाबलं. चार महिन्यांनी पहिल्यांदा तुमच्याशी बोलत होतो. विचारलं, “नाना, स्पीड बरोबर आहे का?” तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. आणि मग तुम्ही हळू बोललात. तुमचा हळू आवाज मी त्याआधी ऐकलाच नव्हता. म्हणालात, “बरोबर हाय.”

ही गोष्ट मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो. तो वॉकमन काचेच्या कपाटात ठेवलाय. सोळाव्या वर्षी केला, कुणी शिकवलं नाही, स्पीड वडिलांनी स्वतः तपासलेला, कानाचे पक्के होते, असं सांगायचो. म्हणून त्याचा स्पीड मी कधी मोजलाच नाही. इतरांची मशिनं मी अर्ध्या टक्क्याच्या फरकानंही परत खोलतो.

गेल्या महिन्यात तुमच्या मंडळाचे पेटीवाले काका जुन्या कॅसेटी घेऊन आले. आता काठी घेऊन चालतात, जीभ मात्र तशीच. कपाटाकडे बघून हसायला लागले. म्हणाले, ह्या डबड्यानं तुझ्या बापाचा गळा खाल्ला रे. तुम्ही रोज त्याच्यावर ऐकून चाली बसवायचात आणि शनिवारी मंडळात आलात की काळी एकची भजनं पांढरी दोनमध्ये, अर्धा सूर वर, सुरू करायचात. वरचा सूर गाठताना तुमच्या मानेच्या शिरा फुगायच्या, खोकला यायचा, टाळकरी एकमेकांकडे बघायचे. काकांनी तीच कॅसेट स्वतःच्या टेपवर लावून पाहिली आणि तुम्हाला सांगितलं की मशिन पळतंय, पोराला दुरुस्त करायला सांगा. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते काकांनी तुमच्याच आवाजात ऐकवलं. “पहिल्या दिशीच कळलं मला. पण पोरगं आत्ता कुठं बोलाया लागलंय. त्याला काय सांगू नका. मी चढवून म्हणंन.”

काका गेल्यावर मी चाचणीची कॅसेट लावली. मीटरवर सेकंदाला तीन हजार कंपनं यायला हवी होती, तीन हजार एकशेऐंशी आली. ट्यूबचं रबर जाड, म्हणून मोटरच्या कप्पीवर बेल्टचा घेर वाढला आणि टेप पळाली. साधा हिशेब आहे, माझ्याकडे शिकायला आलेल्यालाही सांगता येईल. सहा टक्के, म्हणजे अर्धा सूर. तेवढं वर तुम्ही किती वर्षं म्हणत राहिलात, ते मी मोजलं नाही.

परवा पुण्याहून एक तरुण आला. ह्या मुलांना गाणी फोनवर फुकट मिळतात, तरी बटण खटकन बसण्यासाठी आणि खिडकीतून चाक फिरताना दिसण्यासाठी ती लांबून येतात. मला ते समजतं. त्याला तुमचाच वॉकमन हवा होता. नारिंगी बटणावरून बोट फिरवत म्हणाला, ओरिजिनल मापाचा बेल्ट टाकून स्पीड लावून द्या, बाकी जसा आहे तसा नेतो. दहा मिनिटांचं काम. योग्य बेल्ट माझ्या खणात होता, पण तो बसवला की तुमचा अर्धा सूर जाणार होता. पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, म्हणून इथंच लिहून ठेवतो, नाना. मी त्याच्याशी खोटं बोललो. माझ्या हातचं चालू मशिन मी आयुष्यात पहिल्यांदा बंद आहे म्हणून सांगितलं, मोटर जळलीय म्हणालो. तो म्हणाला, जळकी तर जळकी, तरी देतो चाळीस हजार.

नाही म्हणालो. चाळीस हजार.