यादीच्या तळाशी

१४ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग वगैरे तुला आवडत नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. भाचीचे पुढचे दोन्ही दात पडले हे ऐकून आई खूप हसली. वाचून अर्थात मीच दाखवलं. स्वयंपाक अजून तीच करते, फक्त डावीकडचं भांडं हमखास पाडते आणि मला म्हणते, "तूच मधे ठेवलंस."

आईच्या काचबिंदूच्या ऑपरेशनचा नंबर कधी, हे तू तिसऱ्यांदा विचारलंस. तिला वाचून दाखवताना ती ओळ मी गाळली. तुला मात्र "गर्दी आहे" असं कळवत राहिलो. ती शुद्ध थाप होती.

डोळ्यांच्या हॉस्पिटलची ती यादी माझ्याच प्रोग्रॅममधून निघते. त्यात नंबर कुठेच लिहून ठेवलेला नसतो. यादी उघडली की प्रत्येकाचा तिथल्या तिथे हिशेब होतो: डोळ्याचं नुकसान किती, आणि बाहेरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीला किती आठवडे झाले. दोन्हींची बेरीज, मोठा आकडा वर. ही माहिती जिथे साठवलेली असते त्या डेटाबेसशी आम्ही थेट बोलत नाही, मधे दुभाष्यासारखा आणखी एक प्रोग्रॅम असतो. त्याला मी एका ओळीत सगळं सांगितलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. चिठ्ठीचा रकाना रिकामा असेल तर अख्खी बेरीजच रिकामी होते आणि ते माणूस तळाला जातं, हे मी तपासलंच नाही.

आईला मी चिठ्ठीशिवाय नेलं होतं. माझी ओळख होती ना तिथे.

काल नाव घातलेल्यांच्याही खाली आहे ती. तिच्यासारखे आणखी छत्तीस जण आहेत.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "वरून तपासणी होईपर्यंत हात लावू नकोस. आणि आज बदललंस तर लोक म्हणतील, आईसाठी यादी फिरवली." त्याच दुपारी प्रोग्रॅम बदलण्याचा माझा अधिकार काढून घेतला. तीन आठवडे मी मिठाची गुळणी धरून बसलोय. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, ताई.

आई शेजारणीला सांगते, "यादी माझा मुलगाच करतो, मला कसली काळजी?" मी कप विसळायच्या निमित्ताने उठतो.

तू हॉस्पिटलला लेखी तक्रार कर. सगळ्या सदतीस जणांसाठी कर, आणि प्रोग्रॅममधली ती ओळ कोणी लिहिली तेही घाल. नोकरी जायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण आईला सांगायची त्याहून जास्त वाटते.

म्हणून तिलाही एक पत्र लिही आणि त्यात सगळं लिही. या खेपेला एकही ओळ न गाळता वाचून दाखवीन.

तुझा, आणि ते पत्र येईपर्यंत तिचा लाडका,
धाकटा