विसाव्या क्रमांकाची ताई

प्रिय धाकटे,

आपण दोघी एकाच इस्पितळाच्या इमारतीत बसतो. तू तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत आणि मी तळमजल्यावर, रुग्णांच्या जुन्या फायलींच्या मागे, जिथे पंखा सुरू केला की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. तरीही तुला पत्र लिहितेय, म्हणजे गोष्ट तोंडाने सांगण्यासारखी नाही हे तू ओळखलं असशीलच. आज चार वेळा जिन्यापर्यंत आले आणि चारही वेळा परत फिरले. त्यामुळे आता हे शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून खाली धावत येऊ नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

आधी एक कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मी तुझ्यावर जळते. थोडीथोडकी नाही, चांगली धूर निघेपर्यंत. लहानपणी माझे झगे आखूड झाले की तुला यायचे आणि तू ते तक्रार न करता घालायचीस. प्रोग्रॅमिंगही तुला माझ्याकडूनच आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ऑफिसातून आणलेल्या छापील कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी तुला कोबॉल, म्हणजे संगणकाची माझी जुनी भाषा, शिकवली. एक पूर्णविराम राहिला म्हणून तुझा अख्खा प्रोग्रॅम अडला तेव्हा तू पाय आपटून रडली होतीस, आठवतंय? मीच तो पूर्णविराम शोधून दिला होता. मग तू कॉलेजात गेलीस आणि एका सुट्टीत येऊन मला म्हणालीस, ताई, तुझी भाषा फार बडबडी आहे गं. माझा वीस ओळींचा हिशोब तू पायथन नावाच्या तुझ्या नव्या भाषेत तीन ओळींत करून दाखवलास. मी तुझी पाठ थोपटली. नंतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. झगे घेतलेस, पण भाषा तेवढी स्वतःची नवी घेतलीस.

आणि मग आली ती यादी. संगणकाची कुठली भाषा किती लोकप्रिय, याचे क्रमांक लावणारे उद्योगी लोक जगात आहेत आणि देव त्यांचं भलं करो. दर वर्षी मी ती उघडते, तुझी भाषा वर चढलेली बघते आणि मग माझी शोधायला खाली, आणखी खाली जाते. ज्या वर्षी तुझी पहिली आली, त्या वर्षी तू आईला फोन केलास. आईला काय कळणार? तिने जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना सांगितलं, आमची धाकटी जगात पहिली आली. संध्याकाळी मी दमून घरी आले, तर मला विचारते, तुझा कितवा नंबर गं? मी म्हटलं, विसावा. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, असू दे, पुढच्या वर्षी नीट अभ्यास कर. बाई गं, पंचावन्न वर्षांची मी! तिच्याजवळ राहते मी, गोळ्या देते मी, पाय चेपते मी आणि कौतुकाला भरतं येतं ते तुझ्या फोनला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

त्यानंतर मी जो गाढवपणा केला तो आजवर कुणाला सांगितलेला नाही. हसलीस तरी चालेल. मला कुणीतरी सांगितलं की हे क्रमांक लोक इंटरनेटवर काय शोधतात त्यावरून ठरतात. झालं! जेवणाच्या सुट्टीत रोज डबा बाजूला ठेवून मी शोधायला बसले. कोबॉल कसे शिकावे. कोबॉल म्हणजे काय. नवशिक्यांसाठी कोबॉल. एका हाताने पोळीचा घास आणि दुसऱ्या हाताने हेच, दिवसाला शंभर वेळा, असे आठ महिने. पुढच्या यादीत माझी भाषा एकोणिसावी आली आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या मुठी आवळल्या. माझ्यामुळे नसेलही आली. पण त्या दिवशी मी घरी येताना आईसाठी जास्वंदीचं रोप घेतलं आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

पण आमच्या मुख्य साहेबांकडे कोण काय शोधतं याची नोंद जाते, हे मला काय माहीत! बैठकीत सगळ्यांसमोर त्यांनी तो कागद काढला. म्हणाले, रुग्णांच्या नोंदींची ही संगणक-व्यवस्था ज्यांनी लिहिली त्या आपल्या बाईच जर रोज शंभर वेळा 'कोबॉल म्हणजे काय' विचारत असतील, तर आता नवी भाषा आणलेली बरी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. खरं कारण सांगावं, तर त्याहून मोठं हसं. दोन महिन्यांत बाहेरच्या कंपनीला काम गेलं आणि त्या कंपनीने कामाची प्रमुख म्हणून पाठवलं कुणाला? तुला. म्हणजे मीच तुला इथे आणलं म्हण की. पहिल्या दिवशी साहेबांनी स्वतः तुझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. अठ्ठावीस वर्षांत माझ्यासाठी कुणी स्टूलही सरकवलेलं नाही. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, ही माझी ताई, मला हिनेच शिकवलं. तू मनापासून म्हणालीस, मला ठाऊक आहे. तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, आता ही मोठेपणासुद्धा मलाच देणार आणि त्याबद्दलही कौतुक हिचंच होणार.

म्हणूनच मी ते केलं. महिन्यापूर्वी तू मला फॉर्म पाठवलास. जुन्या व्यवस्थेत कागदावर न लिहिलेलं, फक्त तुमच्या डोक्यात असलेलं असं काही आहे का? मी लिहिलं, नाही. खाली सही ठोकली. तो 'नाही' खोटा आहे. तुझी चाचणी छान झाली, कारण ती गेल्या दहा वर्षांत नव्याने उघडलेल्या फायलींवर झाली. जुन्या फायली तू परवा शनिवारी आत घेणार आणि सोमवारी सकाळी नवी व्यवस्था सुरू होणार. त्याच सकाळी ती तोंडावर आपटेल हे मला महिनाभर माहीत आहे. महिनाभर मी त्याची वाट बघितली. साहेबांचा चेहरा कसा पडेल, तू धावत खाली कशी येशील, मी चष्मा पुसत किती सावकाश उत्तर देईन, सगळं ठरवून ठेवलं होतं. तू रोज डोळे लाल करून काम करायचीस आणि जाताना माझ्या टेबलावर चहा ठेवून जायचीस. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे.

मध्येच आणखी एक सांगते. दर अकरा नोव्हेंबरला तू आईच्या वाढदिवसाचा केक घेऊन येतेस. मेणबत्त्या विझवताना आई माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे आणि आम्ही दोघी फिसकन हसतो. तू दर वर्षी विचारतेस की काय झालं आणि आम्ही म्हणतो, काही नाही. तू जगात पहिली असशील, पण त्या हसण्यात तू नव्हतीस. एवढं एकच माझ्याकडे होतं जे तुझ्याकडे नव्हतं. मी ते जिवापाड जपलंय गं.

आता लिहून टाकते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी व्यवस्था सुरू झाली त्या दिवशी नोंदणीच्या पहिल्या खिडकीवर मीच बसले होते, आणि रांगेत आई होती. जन्मतारीख विचारली तर तिला सांगता येईना. तिच्या घरी ती कुणी लिहूनच ठेवली नव्हती. मागे कुणीतरी हसलं आणि आई मान खाली घालून रांगेतून निघाली. मी तिचा हात धरला आणि समोर टाइप केलं अकरा, अकरा, अकरा. म्हटलं, ही घे तुझी तारीख, लक्षात ठेवायला सोपी. घरी तुलाही तीच खरी म्हणून सांगितली. त्या रात्री मी प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या. तारीख अकरा-अकरा-अकरा असेल तर ती मानू नकोस, शेवटच्या रकान्यातलं अंदाजे वय आणि नोंदीचं साल घे. पुढे ज्याला ज्याला तारीख माहीत नव्हती, त्याला मी तीच दिली; गेली दहा वर्षं मात्र नवे येणारे सगळे कार्डावरची तारीख सांगतात. अशी सहाशे बेचाळीस माणसं आहेत. वर्षाचे दोनच आकडे असल्यामुळे तुझी व्यवस्था त्यांना दोन हजार अकरा सालची मुलं समजेल, औषधाची मात्रा मुलांची काढेल आणि त्यांना मुलांच्या विभागात पाठवेल. आज दुपारी सोमवारच्या तपासणीची यादी छापून आली. तिसरं नाव आईचं आहे. काठी टेकत ती रांगेत उभी राहील आणि मागून पुन्हा कुणीतरी हसेल. ते हसू मात्र मी आणलेलं असेल. म्हणून हे पत्र. तुझ्या फॉर्मवरचा माझा 'नाही' खोड आणि त्या जागी हे लाव. त्या दोन ओळी सोबतच्या कागदावर लिहिल्या आहेत, पाठकोऱ्या बाजूला, पूर्णविरामांसकट. तुझ्या भाषेत कदाचित एकच ओळ होईल, होऊ दे. साहेबांना काय सांगायचं ते तू ठरव, मी काही लपवणार नाही. आणि येत्या अकरा नोव्हेंबरला आईने माझ्याकडे बघितलं की तूही हस. आता तुलाही माहीत आहे.

अजूनही जळणारी, तरी तुझीच,
ताई